दंडाची पावती नव्हे, गुन्ह्याचा निकाल

दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेला माणूस कोर्टातून घरी आला की विचारणाऱ्याला एकच उत्तर देतो, ‘दहा हजार भरले, मिटलं.’ हेल्मेट नसल्याचा दंड, सिग्नल तोडल्याचा दंड आणि हा दंड, तिन्ही त्याच्या लेखी सारखेच. पण पहिले दोन रस्त्यावर नाहीतर मोबाइलवर भरून संपतात. तिसऱ्यात त्याने न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल केलेला असतो आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेलं असतं. त्याच्या नावावर खटल्याचा एक क्रमांक पडलेला असतो, एक निकाल लागलेला असतो. तो कागद पुढे परवान्याच्या, विम्याच्या, नोकरीच्या आणि दुसऱ्यांदा सापडलाच तर तुरुंगाच्या प्रश्नात पुन्हा समोर येतो. म्हणून हा कागद कुठे असतो, तो कसा शोधायचा आणि कसा वाचायचा, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीसारख्या गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं. गाडीखाली आलेल्याच्या घरच्यांना तर त्याहून जास्त.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १८५ या गुन्ह्याचं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा. गाडी नीट चालवत होतात की वेडीवाकडी, याच्याशी त्याचा संबंध नाही. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनचे. त्याआधी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त २,००० रुपये दंड होता, आणि अजूनही काही जण तोच आकडा डोक्यात धरून बसलेले असतात.

३० ही मर्यादा जगाच्या मानाने कडक आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांत ५०, स्वीडनमध्ये २०. रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा ओलांडला की गुन्हा, मग माणूस कसाही दिसो, हे तत्त्व कायद्यात पहिल्यांदा आणलं ते नॉर्वेने, १९३६ मध्ये. त्याआधी सगळीकडे वाद व्हायचा तो माणूस ‘झिंगलेला’ होता की नाही याचा. तोंडाला वास येत होता, पाय लटपटत होते, डोळे तांबारले होते, अशा वर्णनांवर खटले चालत. आपल्याकडे १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही. आजच्या खटल्यात आकड्याला एवढी किंमत आहे ती यामुळे.

आकडा येतो नाकाबंदीतल्या त्या नळीतून. फुंकर मारली की यंत्र श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि त्यावरून रक्तातलं प्रमाण काढतं. रक्तात जेवढं असतं त्याच्या साधारण २,१०० वा हिस्सा श्वासात उतरतो, या हिशेबावर हे यंत्र चालतं. यातून निघणारी छोटी पट्टी नीट पाहावी. तिच्यावर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, आकडा आणि तुमचं नाव असतं. वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण यकृत १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम या गतीनेच अल्कोहोल कमी करत जातं. रात्री एक वाजता १५० वर असलेला माणूस सकाळी सातच्या पाळीसाठी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे निघतो तेव्हा तो अजून ६० च्या आसपास असू शकतो. आंघोळ झालेली असते, चहा झालेला असतो, डोकं ताजं वाटतं, आणि कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट दारू अंगात असते. ‘रात्रीची होती’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही. काळा चहा, लिंबू, बडीशेप यांनीही काही होत नाही. वास झाकला जातो, रक्त तसंच राहतं.

पोलिसांवरही बंधनं आहेत आणि ती प्रत्येकाला माहीत असावीत. कलम १८५ साठी विनावॉरंट अटक करणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे. अटकेपासून २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर त्या माणसाला सोडावं लागतं. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन मिळणं हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. आणि फुंकर मारायला किंवा रक्त द्यायला कारणाशिवाय नकार दिला, तर तो नकारच खटल्यात तुमच्या विरुद्ध धरला जाऊ शकतो. ‘मी फुंकलोच नाही, मग पुरावा कसला’ ही हुशारी अंगाशी येते.

आता त्या ‘मिटलं’कडे येऊ. मोटार वाहन कायद्यातले बरेच गुन्हे तडजोडीने, म्हणजे ठरलेली रक्कम भरून, जागच्या जागी मिटवता येतात. कलम २०० मध्ये त्यांची यादी आहे, आणि महाराष्ट्राने त्यांच्या वाढीव रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू केल्या. त्या यादीत १८५ नाही. त्यामुळे रस्त्यावर कुणी या गुन्ह्यासाठी पैसे घेऊन ‘जा’ म्हणत असेल तर तो दंड नव्हे, दुसरंच काहीतरी आहे. ई-चलनाच्या संकेतस्थळावर तो भरता येत नाही. लोकअदालतीतही तो तडजोडीने मिटत नाही, कारण जो गुन्हा तडजोडीस पात्र नाही त्यावर लोकअदालतीला अधिकार नाही. कोर्टात उभं राहावं लागतं. उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हटलं की दोषसिद्धी होते. शिक्षा कधी दंडाची, कधी दंड आणि ‘कोर्ट उठेपर्यंत’ कैद अशी. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून माणूस घरी येतो आणि त्याला वाटतं, बसायला लावलं होतं. त्याने खरी कैद भोगलेली असते.

दंडाच्या आकड्यापेक्षा परवान्याची बाब मोठी, आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष. कायद्याचं कलम २० सांगतं की १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालयाने किमान ६ महिने परवान्यासाठी अपात्र ठरवलंच पाहिजे. ‘ठरवू शकतं’ नव्हे, ‘ठरवलंच पाहिजे’. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कलम २२ प्रमाणे परवाना रद्द. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने पोलिसांना परवाना ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवण्याचं काम दिलं आहे, आणि ते कार्यालय त्या माणसाचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी ३ महिने अपात्र ठरवू शकतं, पुन्हा सापडला तर परवाना काढून घेऊ शकतं. दोन वेगळी दारं आहेत. कोर्टातून दहा हजार भरून सुटलेल्याला महिन्याभराने परिवहन कार्यालयाची नोटीस आली की तो चक्रावतो, ‘आता हे कशाचं?’ हे त्याचंच. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर तो आणखी एक गुन्हा, आणि त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

आणखी एक कलम आहे, १८८. पिऊन गाडी चालवायला जो मदत करतो, भरीस घालतो, त्यालाही तीच शिक्षा. प्यालेल्या मित्राच्या हातात किल्ली देऊन ‘जा तू, काय होत नाही’ म्हणणाऱ्याने हे कलम एकदा वाचावं.

कधी कधी याच घटनेत दुसरी कलमंही लागलेली दिसतात. रस्त्यावर धिंगाणा घातला असेल तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं ८५, किंवा भारतीय न्याय संहितेचं ३५५. या शेवटच्या कलमाची गंमत अशी की जुन्या दंडविधानात सार्वजनिक ठिकाणच्या दारूड्या वर्तनाला १० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून तो १,००० झाला आणि समाजसेवेची शिक्षाही आली. पण ही समाजसेवा त्या वर्तनासाठी आहे. गाडी चालवण्याच्या गुन्ह्यातून तिने सुटका होत नाही.

कागद शोधायचा कसा

हुपरी हातकणंगले तालुक्यात. हुपरीला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, पण कोर्टासाठी जावं लागतं इचलकरंजीला. तेव्हा शोध दोन ठिकाणी करायचा, आधी पोलिसांकडचा, मग न्यायालयाकडचा.

गुन्हा नोंदवून तपास झाला असेल तर एफआयआर मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की संवेदनशील प्रकरणं सोडून सगळे एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा कोल्हापूर, ठाणं हुपरी आणि तारखा टाकल्या की यादी येते. त्यातला गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष वहीत लिहून घ्या. पुढचं सगळं त्यावर उघडतं.

मग ई-कोर्ट्सची सेवा. संकेतस्थळ आहे, मोबाइल ॲपही आहे, दोन्ही फुकट. राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर, न्यायालय संकुल इचलकरंजी निवडायचं. एफआयआर क्रमांकाने शोधण्याची सोय आहे. तिथे पोलीस ठाणं निवडून क्रमांक आणि वर्ष टाकलं की खटला समोर येतो. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण तिथे चिकाटी लागते. नावं इंग्रजी अक्षरांत भरलेली असतात आणि भरणाऱ्याने ती कानाला लागली तशी भरलेली असतात. आपल्या भागातलं ‘चौगुले’ हे आडनाव घ्या. ते चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. त्यात ‘चौगले’ वेगळे. म्हणून आधी पहिल्या नावाने, मग आडनावाच्या पहिल्या तीन-चार अक्षरांनी, आणि आधीचं-नंतरचं वर्षही बदलून शोधावं. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे दोन पर्याय असतात. लोक प्रलंबितमध्ये शोधतात, सापडत नाही म्हणून सोडून देतात. कबुलीचा खटला लवकर निकाली निघतो, तो दुसऱ्या यादीत असतो.

खटला उघडला की पहिल्यांदा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवा. देशभरात त्या खटल्याचा तो एकच क्रमांक. खटला एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेला तरी त्यावरून माग लागतो. मग प्रकार पाहा. ‘एससीसी’ म्हणजे संक्षिप्त पद्धतीने चालणारा फौजदारी खटला, ‘आरसीसी’ म्हणजे नियमित. नुसतं १८५ असेल तर बहुधा पहिला. कुणी जखमी झालं, मेलं, तर दुसरा किंवा त्याहून वरच्या न्यायालयातला. मग कायदा आणि कलम या रकान्याकडे जा, कारण गावात चर्चा एक असते आणि कलम दुसरंच निघतं. ‘ड्रिंकची केस’ म्हणून गाजलेल्या प्रकरणात प्रत्यक्षात फक्त बेदरकार गाडी चालवल्याचं न्याय संहितेचं २८१ असतं, १८५ नसतंच, कारण रक्त तपासायला कुणी नेलेलंच नसतं. शेवटी निकालाचा प्रकार पाहा. लढवून लागला की विनालढत? विनालढत दोषसिद्धी म्हणजे बहुतेक वेळा कबुली. रोजनाम्यातल्या तारखाही वाचाव्यात. समन्स बजावलं नाही, आरोपी गैरहजर, वॉरंट काढलं, हे त्यात दिसतं.

खटला दाखल कधी झाला तेही पाहायचं. एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यावी, अशी कायद्यात मुदत आहे. पहिल्या वेळचं १८५ त्यात बसतं. खटला वर्ष उलटून दाखल झाला असेल तर आरोपीच्या वकिलाने आणि तक्रारदाराने, दोघांनीही ती तारीख विचारात घ्यायला हवी.

पडद्यावर दिसतं ती माहिती. ती पुरावा नव्हे. विम्याला, परिवहन कार्यालयाला, नुकसानभरपाईच्या दाव्याला लागते ती सही-शिक्क्याची नक्कल. ती न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते. पक्षकाराला ती मिळतेच. तिऱ्हाइताला कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. इथे माहिती अधिकाराचा अर्ज टाकण्यात वेळ घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे की न्यायालयीन कागदपत्रं न्यायालयाच्या नक्कल नियमांनुसारच मागायची.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा शोध दुसऱ्याची बदनामी करायला वापरू नका. एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं असतात. वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळल्याशिवाय ‘हा तोच’ म्हणायचं नाही. खटला दाखल होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे. आणि १८ वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणं हाच बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे.

सीमेवरच्या माणसाची गोष्ट थोडी वेगळी. हुपरीतून निघालेला माणूस मांगूर, निपाणीच्या बाजूला कधी कर्नाटकात शिरतो हे त्याला बोर्ड पाहूनच कळतं. तिकडे सापडला तर कायदा तोच, कलम तेच, पण खटला कर्नाटकातला. ई-कोर्ट्समध्ये राज्य कर्नाटक आणि जिल्हा बेळगावी निवडल्याशिवाय तो दिसणार नाही. ‘आपल्याकडे कुठे नोंद आहे’ हा समज मात्र खोटा. परवाना देशभर एकच असतो, त्याची अपात्रताही देशभर लागू होते.

निकाल वाचताना

रेकॉर्ड नीट ठेवणं आणि नीट वाचणं यावर न्याय किती अवलंबून असतो, हे महाराष्ट्रातल्या तीन प्रकरणांनी दाखवलं आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. ७ जण मेले, ८ जखमी झाले. चालक दारू प्यायलेला होता. उच्च न्यायालयाने हा नुसता निष्काळजीपणा नसून सदोष मनुष्यवध आहे असं ठरवून ३ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पिऊन चालवणाऱ्याला परिणाम काय होऊ शकतो याची जाण असते, हे त्या निकालाने ठसवलं. तेव्हापासून मृत्यूच्या प्रकरणात मोठं कलम लावायला आधार मिळाला. नव्या संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू १०६ मध्ये आहे, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. सदोष मनुष्यवध १०५ मध्ये, शिक्षा त्याहून जास्त.

दुसरं सलमान खान यांचं. २८ सप्टेंबर २००२ चा अपघात, मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाची ५ वर्षांची शिक्षा आणि १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाकडून सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता. उच्च न्यायालयाला पटलं नाही ते पुराव्याचं. त्यात रक्ताच्या नमुन्याचीही चर्चा आहे. तो कुणी घेतला, कशात ठेवला, प्रयोगशाळेत कसा पोहोचला, या साखळीतल्या त्रुटी निकालात वाचायला मिळतात. १३ वर्षांनी न्यायालय त्या रक्ताच्या नमुन्याबद्दल प्रश्न विचारत होतं.

तिसरं पुण्याच्या कल्याणीनगरचं, १९ मे २०२४ च्या पहाटेचं. गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मेले. गाडी चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला तो ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर, आणि देश पेटून उठला. माझ्या मते निबंधापेक्षा भयंकर गोष्ट नंतर उघड झाली. ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयच करील. पण हुपरीत काय किंवा इचलकरंजीत काय, अपघातानंतर जखमीच्या नातेवाइकांनी त्याच रात्री विचारायचा प्रश्न यातून कळतो: चालकाचं रक्त घेतलं का, किती वाजता, कुणी?

विम्याचं थोडक्यात. प्यालेल्या चालकाच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान विमा कंपनी नाकारते, आणि त्यासाठी तिला फौजदारी कोर्टात तो दोषी ठरण्याची वाट पाहावी लागत नाही. एप्रिल २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते स्पष्ट आहे. ज्याला धडक बसली त्याची भरपाई हा वेगळा विषय. न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करायला मुभा देतं. म्हणजे ‘मिटलं’ म्हणणाऱ्याच्या दारात काही वर्षांनी लाखांच्या वसुलीची नोटीस येऊ शकते.

कबुली द्यायची की खटला लढवायचा, हा ज्याचा त्याने ठरवायचा प्रश्न आहे. चूक झाली असेल तर कबूल करण्यात कमीपणा नाही. पण कशाची कबुली देतोय हे कळून द्यावी. आरोपपत्राची प्रत मागा, कलम वाचा, पट्टीवरचा आकडा आणि वेळ पाहा, मागे कधी १८५ लागलं आहे का ते आठवा. पहिल्या दोषसिद्धीची नक्कल न्यायालयासमोर आली की दुसरा गुन्हा २ वर्षांच्या कैदेपर्यंत जातो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा. अटकेत असलेल्याला आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००.

आणि ज्यांच्या घरातलं माणूस अशा गाडीखाली गेलं आहे त्यांनी आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहत बसू नये. फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालतो. भरपाईच्या दाव्याला मात्र कायद्याने अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. दहावं-तेरावं झालं की पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा क्रमांक, पंचनामा आणि चालकाच्या वैद्यकीय तपासणीचे कागद मागा आणि दावा दाखल करा.